सनी हेजला स्टुअर्ड्सच्या खोलीत बोलवा

प्रति,
फॉर्म्युला वनचे कारभारी आणि ‘एफ वन’ सिनेमाचे निर्माते यांस,

विषय : तुमचा नायक सनी हेज (ब्रॅड पिट) याने सिनेमातल्या हंगेरीच्या शर्यतीत केलेला प्रकार

स. न. वि. वि.

आधी कौतुक करतो, कारण ते मनापासून आहे आणि पुढचं वाचताना तुम्हाला त्याची आठवण ठेवावी लागेल.

मायकेल शूमाखर लाल गाडीत बसून दर पंधरा दिवसांनी बाकीच्यांची झोप उडवायचा, तेव्हापासून मी ही शर्यत बघतोय. तेव्हा युरोपातली शर्यत आमच्याकडे रविवारी संध्याकाळी साडेपाचला सुरू व्हायची आणि टीव्हीवर स्टीव्ह स्लेटरचा आवाज असायचा. आता साडेसहाला सुरू होते आणि मोबाइलवर बघावी लागते. मधल्या काळात शर्यतीवरचे बरेच सिनेमे पाहिले. त्यातल्या बहुतेकांत गाडी एकतर कॉम्प्युटरवर बनवलेली असते, नाहीतर नायक ऐन मोक्याच्या क्षणी अ‍ॅक्सिलरेटर ‘आणखी थोडा’ दाबतो आणि गाडी पुढे जाते. जणू तोपर्यंत तो पाय राखून चालवत होता.

तुमचा सिनेमा २७ जून २०२५ ला आमच्याकडे लागला आणि पहिल्याच शनिवार-रविवारात मी तो मोठ्यात मोठ्या पडद्यावर पाहिला. ब्रेक लागतो तेव्हा ड्रायव्हरची मान कशी पुढे ओढली जाते, गालाची कातडी कशी थरथरते, ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावरून, म्हणजे कर्बवरून, गेल्यावर हेल्मेट कसं डगडगतं, हे इतक्या जवळून आजवर कुणी दाखवलं नव्हतं. ब्रॅड पिटच्या चेहऱ्यावरचा कॅमेरा गाडी धावत असतानाच गर्रकन फिरून समोरच्या ट्रॅककडे वळतो, त्या क्षणी माझ्या हातातल्या पॉपकॉर्नचं मला भान नव्हतं. गाड्या एक पायरी खालच्या फॉर्म्युला टूच्या, वरचं अंग मर्सिडीजच्या मदतीने फॉर्म्युला वनसारखं बेतलेलं, आणि पिट व डॅमसन इद्रिस स्वतः चालवताहेत. २०२३ च्या सिल्व्हरस्टोनला खऱ्या शर्यतीच्या आधी तुमच्या दोन काळ्या-सोनेरी गाड्या खऱ्या गाड्यांच्या मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या, ते मी तेव्हा थेट प्रक्षेपणात पाहिलं होतं आणि हसलोही होतो. सिनेमात पाहिल्यावर हसू आलं नाही. १९६६ साली जॉन फ्रँकनहायमरने ‘ग्रां प्री’ काढला, तेव्हा १९६१ चा विश्वविजेता फिल हिल कॅमेऱ्याची गाडी चालवत होता. स्टीव्ह मॅक्वीनच्या ‘ल मां’साठी १९७० च्या खऱ्या चोवीस तासांच्या शर्यतीत कॅमेरे लावलेली पोर्शे उतरवली होती आणि त्या चित्रीकरणात डेव्हिड पायपर या ड्रायव्हरला पाय गमवावा लागला. त्या परंपरेत तुमचा सिनेमा मानाने बसतो. सहनिर्माता लुईस हॅमिल्टनने आवाज आणि गिअरपर्यंत बारकावे तपासले म्हणतात. ते कानाला कळतं.

बारीकसारीक तक्रारी आहेत, त्या भरभर सांगून टाकतो. तीस वर्षं फॉर्म्युला वनपासून लांब असलेल्या सनीला सुपर लायसन्स, म्हणजे ही गाडी चालवायचा परवाना, मिळणार नाही, त्याला तीन वर्षांत ४० गुण लागतात. वयाचं मात्र मी सोडून देतो. फान्हियोने १९५७ चं विजेतेपद ४६ व्या वर्षी मिळवलं आणि अलोन्सो चव्वेचाळिशीतही पोरांना दमवतो, तेव्हा पिटला कोण अडवणार? समालोचक दर दोन मिनिटांनी सेफ्टी कार म्हणजे काय (अपघात झाला की सगळ्यांना आपल्यामागे रांगेत हळू चालवायला लावणारी गाडी) ते समजावतात. माझ्या शेजारी बसलेल्या बाईंना त्याचा उपयोग झाला असेल, त्यामुळे तेही ठीक. टीम विकायला टपलेला कारस्थानी संचालक कुठल्याही सिनेमातून उचलून आणता आला असता. असो.

आता मुद्द्यावर येतो.

हंगेरीची शर्यत. सनी हेजची गाडी हळू आहे, टीमच्या खात्यावर एकही गुण नाही. मग सनी काय करतो? मुद्दाम धक्के देतो, गाडीचे तुकडे ट्रॅकवर पाडतो, सेफ्टी कार बाहेर यायला लावतो. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. नियमांच्या फटी त्याला पाठ आहेत आणि प्रत्येक फटीत तो पाचर मारतो. सगळे खोळंबतात, त्याचा तरुण सहकारी जोशुआ (इद्रिस) याचं गणित जुळतं, तो दहावा येतो, टीमला पहिला गुण मिळतो. गॅरेजमध्ये जल्लोष होतो, मागे हान्स झिमरचं संगीत वाजतं. आमच्या थिएटरात शिट्ट्या पडल्या. माझा भाचा, वय वर्षं बारा, माझ्याबरोबर होता. त्याने माझ्या कानाशी येऊन विचारलं, “मामा, असं चालतं?”

मी म्हटलं, “नाही.” तो म्हणाला, “मग त्याला काढलं का नाही?” पुढची दहा मिनिटं मी पडद्याकडे बघत होतो, पण डोक्यात सिंगापूर चालू होतं.

तुम्हाला सिंगापूर सांगायची गरज नाही. पण सिनेमा पाहून या खेळाकडे वळलेले लाखो नवे प्रेक्षक आहेत आणि हे पत्र उघड आहे, म्हणून सांगतो. २८ सप्टेंबर २००८. फॉर्म्युला वनची पहिली रात्रीची शर्यत. रेनोचा फर्नांडो अलोन्सो पंधराव्या क्रमांकावरून सुटला आणि बाराव्या फेरीलाच पिटमध्ये, म्हणजे पेट्रोल-टायरसाठी थांबायच्या जागी, आला. इतक्या लवकर पेट्रोल भरून कुणाचं भलं होणार, असं आम्ही घरी बसून म्हणत होतो. थोड्याच वेळात त्याचाच सहकारी नेल्सन पिके धाकटा सतराव्या वळणावर भिंतीवर आदळला. जागा अशी, की क्रेनने गाडी पटकन उचलता येऊ नये. सेफ्टी कार आली, बाकीच्यांचे पिट स्टॉप बाकी होते, अलोन्सोचा झालेला होता. तो शर्यत जिंकला. दुसऱ्या दिवशी सगळे त्याच्या नशिबाबद्दल बोलत होते.

वर्षभराने पिकेला टीमने काढलं आणि त्याने तोंड उघडलं. भिंतीवर आदळायचं आधीच ठरलं होतं. चौकशीत टेलिमेट्रीचे, म्हणजे गाडीतून येणाऱ्या नोंदींचे, आलेख निघाले. मागची चाकं घसरायला लागली की कुठलाही ड्रायव्हर पाय उचलतो. पिकेने उलट दाबला होता. आलेखावरची ती एक रेघ. माणूस काहीही सांगेल, रेघ खोटं बोलत नाही. टीमचा प्रमुख फ्लाव्हिओ ब्रियातोरेवर तहहयात बंदी आली, मुख्य इंजिनिअर पॅट सिमंड्सवर पाच वर्षांची. पुढे २०१० मध्ये फ्रान्सच्या कोर्टाने दोन्ही उठवल्या आणि आज ब्रियातोरे त्याच टीमच्या नव्या अवतारात, अल्पीनमध्ये, पुन्हा येऊन बसलाय. तो वेगळा विषय, आणि त्यावर लिहायला घेतलं तर माझी भाषा बिघडेल.

त्या रात्री आघाडीवर कोण होता? फेलिपे मास्सा. सेफ्टी कार आल्यावर तो पिटमध्ये आला, फेरारीच्या माणसांनी हिरवा दिवा घाईने दिला आणि तो पेट्रोलची नळी गाडीला तशीच लटकत असताना निघाला. पिटच्या टोकाशी गाडी उभी, मेकॅनिक धावत येऊन नळी ओढताहेत, आणि मास्सा आत बसून गप्प. गुण शून्य. त्या वर्षी हॅमिल्टनने त्याला एका गुणाने हरवलं, ९८ विरुद्ध ९७. हॅमिल्टनचा यात काडीचाही दोष नाही. त्याने ब्राझीलमध्ये शेवटच्या फेरीच्या शेवटाला टिमो ग्लॉकला गाठून आपला हक्काचा गुण मिळवला. पण मास्सा आजही त्या रात्रीसाठी लंडनच्या कोर्टात भांडतोय आणि ज्यांच्याविरुद्ध भांडतोय त्यांत तुमचं नाव आहे.

आता बघा काय झालंय. ज्या प्रकारासाठी तुम्ही माणसांना हाकललं, ज्याची भरपाई मागत एक माणूस तुमच्या दारात उभा आहे, तोच प्रकार तुम्ही सिनेमात नायकाच्या हुशारीचा म्हणून दाखवला. आणि सिनेमाला नाव दिलंत स्वतःचं. एखाद्या पटकथाकाराने काल्पनिक स्पर्धेवर काल्पनिक सिनेमा काढला असता तर मी हे पत्र लिहिलं नसतं. पडद्यावर तुमचं बोधचिन्ह आहे, खऱ्या टीमचे खरे प्रमुख आहेत, खरे ड्रायव्हर आहेत. हे सगळं असताना ‘अहो, सिनेमाच तो’ असं म्हणून हात झटकता येत नाहीत.

कुणी म्हणेल, सनी काही भिंतीवर आदळला नाही, त्याने फक्त थोडी लबाडी केली. थोडी लबाडी खऱ्या शर्यतीतही होते, हे मला ठाऊक आहे. २०२४ ला जेद्दाहमध्ये हासच्या केव्हिन मॅग्नुसेनने मुद्दाम गाडी हळू चालवून मागच्या सगळ्यांना अडवून धरलं, तेवढ्यात सहकारी निको हुल्केनबर्गने पुरेसं अंतर काढलं आणि दहावा येऊन एक गुण आणला. म्हणजे तुमच्या हंगेरीच्या प्रसंगाचा सख्खा भाऊच. मला तेव्हा ते आवडलं नव्हतं, पण दाद द्यावीशीही वाटली होती. फरक असा, की मॅग्नुसेनने कुणाला ठोकून सेफ्टी कार आणली नाही, आणि जे केलं त्याची किंमत मोजली. त्याच शर्यतीत त्याला दोनदा दहा-दहा सेकंदांची शिक्षा झाली. मायामीतही त्याने हाच उद्योग केला. लायसन्सवर दंडाचे गुण साठत गेले, बारा झाले आणि त्याला बाकूची शर्यत घरी बसून बघावी लागली. त्याच्या जागी आलेला ऑली बेअरमन बाकूला दहावा आला.

बघा, यात सिनेमा आहे की नाही? सहकाऱ्यासाठी वाईटपणा घेणारा म्हातारा ड्रायव्हर, वाढत जाणारे दंडाचे गुण, शेवटी बंदी, आणि त्याच्याच गाडीत बसून एक पोरगा गुण घेऊन येतो. तुमच्या पटकथेतून फक्त शिक्षा वगळलीत आणि त्याबरोबर गोष्टीतला जीवही गेला.

एक गोष्ट मात्र मला सिनेमा संपल्यावर घरी जाताना सुचली आणि रिक्षातच मी मोठ्याने हसलो. जानेवारी २०२४ मध्ये तुम्ही अँड्रेटीला अकरावी टीम म्हणून घ्यायला नकार दिलात. कारण सांगितलंत की ही टीम स्पर्धेत टिकणार नाही आणि तिच्या येण्याने खेळाच्या मूल्यात भर पडणार नाही. अँड्रेटी म्हणजे १९७८ चा विश्वविजेता मारिओ, त्याचं घराणं, अमेरिकेतल्या शर्यतींचा अख्खा कारभार. त्यांना दार बंद. आणि त्याच्या आदल्या वर्षीच सिल्व्हरस्टोनच्या पिटमध्ये तुमच्या सिनेमातल्या एपीएक्स जीपी नावाच्या टीमला गॅरेज, ट्रक, बसायला जागा, सगळं मिळालं होतं. तिच्याकडे इंजिनिअर नव्हते, गाडी खालच्या वर्गातली होती आणि ड्रायव्हर हॉलिवूडचा होता. पुढे त्याच मंडळींच्या प्रस्तावाला कॅडिलॅकच्या नावाने २०२६ साठी परवानगी मिळाली, ते बरं झालं. पण अकरावी टीम आधी पडद्यावर आली आणि मग ट्रॅकवर, ही नोंद तुमच्या नावावर कायम राहणार.

पैशाचंही तसंच. एका टीमने वर्षभरात गाडीवर किती खर्च करायचा याला तुम्ही मर्यादा घातली आहे. २०२३ ते २०२५ या काळात मूळ आकडा साडेतेरा कोटी डॉलर होता, वर महागाई वगैरे धरून थोडा जास्त. सिनेमाच्या खर्चाचे बातम्यांत आलेले आकडे वीस कोटींपासून तीस कोटींपर्यंत आहेत, त्यातला वरचा आकडा तुम्ही नाकारलात. खालचाच धरला, तरी या पैशांत एक खरी टीम वर्षभर चालली असती आणि उरलेल्यात चहापाणी झालं असतं. सिनेमाने जगभर साठ कोटी डॉलरहून जास्त कमावले, तेव्हा तुमचा हिशेब चुकला असं मी कसं म्हणू. फक्त वाटलं ते सांगितलं.

आता केट मॅकेना. टीमची टेक्निकल डायरेक्टर बाई आहे हे कळल्यावर मी खुर्चीत सावरून बसलो होतो. केरी कॉन्डनने भूमिका छान केली आहे. पण तिला स्वतःची कल्पना सुचतच नाही. पुढच्या गाडीने ढवळून मागे सोडलेल्या गढूळ हवेत टिकून राहील अशी गाडी हवी, हे तिला सनीने येऊन सांगावं लागतं. अहो, गढूळ हवेचा प्रश्न या खेळात वीस वर्षं चघळला जातोय. २०२२ चे सगळे नवे नियम त्याचसाठी तर आणलेत तुम्ही! टेक्निकल डायरेक्टरला तो हॉटेलात नव्याने कळावा? मग तिचं आणि सनीचं जमतं. पिट स्टॉपमध्ये गोंधळ घालायलाही नेमकी मुलगीच सापडली.

हंगेरीच दाखवायची होती ना? ३१ जुलै २०२२ ची दाखवायची. मॅक्स वर्स्टॅपेन दहाव्या क्रमांकावरून सुटणार होता. ठरलेलं होतं की सुरुवात हार्ड टायरवर करायची. ट्रॅक गार पडला होता, थोडा ओलसरपणा होता. ग्रिडकडे, म्हणजे सुटायच्या रांगेकडे, येतानाच्या फेऱ्यांत रेड बुलच्या लक्षात आलं की हार्ड टायर तापणार नाही. हॅना श्मिट्झ, त्यांची प्रमुख स्ट्रॅटेजी इंजिनिअर, तिने ऐन वेळी आराखडा बदलला आणि सॉफ्ट टायर लावायला सांगितले. लाखो लोक बघताहेत, गाड्या उभ्या आहेत, मेकॅनिक टायरची आवरणं काढताहेत, आणि एक बाई कागदावरचं सगळं खोडून नवं लिहिते. पुढे त्याच शर्यतीत फेरारीने लेक्लेरला हार्ड टायर लावले आणि तो मागे मागे गेला. वर्स्टॅपेनने मध्येच एक गिरकीही खाल्ली, पूर्ण गोल, तरी तो जिंकला. दहाव्यावरून पहिला, एकालाही ठोकलं नाही. आणि २०२५ पासून हासमध्ये एस्तेबान ओकॉनच्या कानात रेडिओवर जो आवाज आहे, तो त्याच्या रेस इंजिनिअरचा, लॉरा म्युलरचा. तुमच्या पॅडॉकमध्ये रोज फिरणाऱ्या या बायका पटकथा लिहिणाऱ्यांना दिसल्या नाहीत का?

याच्याही पुढची गंमत म्हणजे तुमच्या सिनेमाला उत्तर तुमच्याच ट्रॅकने दिलं, आणि तेही लगोलग. सिनेमा लागून जेमतेम नऊ दिवस झाले होते. ६ जुलै, सिल्व्हरस्टोन. आमच्याकडे रात्रीचे साडेसात. पाऊस येत होता, जात होता, पुन्हा येत होता. निको हुल्केनबर्ग साउबरमध्ये एकोणिसाव्या क्रमांकावर उभा. वय ३७. २०१० पासून शर्यतीत आहे, ल मां जिंकून आलाय, मध्ये बेकार राहिलाय, दुसऱ्यांच्या आजारपणात बदली म्हणून चालवलंय, आणि इतक्या वर्षांत एकदाही पहिल्या तिघांत नाही. या बाबतीत नकोसा विक्रम त्याच्याच नावावर होता.

टायर कधी बदलायचे एवढ्या एका प्रश्नाभोवती ती सगळी शर्यत फिरत होती. घाई केलेले घसरले, उशीर केलेले मागे पडले. साउबरने प्रत्येक वेळी नेमकी फेरी निवडली. तो बारावा झाला, आठवा झाला, पाचवा झाला, आणि घरी आम्ही तिघं-चौघं हळूहळू बोलायचे थांबलो. शेवटच्या टप्प्यात तिसऱ्या जागेसाठी मागे कोण? हॅमिल्टन. लाल फेरारीत, घरच्या प्रेक्षकांसमोर, ज्या ट्रॅकवर तो नऊ वेळा जिंकलाय. कोरड्या टायरसाठी हॅमिल्टन एक फेरी आधी आत गेला, ओल्या ट्रॅकवर घसरला, आणि हुल्केनबर्गने अंतर राखलं. तिसरा! २३९ व्या शर्यतीत पहिल्यांदा पोडियमवर. वर हातात ट्रॉफी मिळाली ती लेगोच्या ठोकळ्यांची. घरी तीन वर्षांची मुलगी आहे, तिला ही ट्रॉफी आवडेल, असं तो नंतर हसत म्हणाला.

तुमच्या सिनेमाच्या शेवटी अबू धाबीत, अखेरच्या फेरीत, पुन्हा हॅमिल्टनच. तो आणि जोशुआ एकमेकांवर आदळतात आणि सनी मधून निघून जिंकतो. २०२१ ला ज्या ट्रॅकवर अखेरच्या फेरीत हॅमिल्टनचं आठवं विजेतेपद गेलं, तिथेच स्वतःच्या सिनेमातही त्याने स्वतःला अखेरच्या फेरीत बाहेर काढून घेतलं. या एका बाबतीत मी त्याच्या खिलाडूपणाला सलाम करतो. पण सिल्व्हरस्टोनचा तो पाऊस आणि तुमचा शेवट शेजारी ठेवून बघा. एकात नशीब आणि धक्का, दुसऱ्यात पन्नासएक फेऱ्यांचा धीर.

आमचा संबंध काय, असं विचाराल म्हणून सांगतो. २००९ मध्ये आमच्या केंद्रीय क्रीडा खात्याने तुमची शर्यत हा निव्वळ खेळ नाही, व्यापारी करमणूक आहे, अशी भूमिका घेऊन परकी चलन बाहेर पाठवायला आडकाठी केली होती. पुढे नोएडाजवळ बुद्ध सर्किट उभं राहिलं, २०११ पासून तीन शर्यती झाल्या, तिन्ही फेटेलने जिंकल्या. पहिल्याच वर्षी करमणूक कराचं भांडण सुप्रीम कोर्टात गेलं आणि तिकिटांच्या पैशाचा चौथा हिस्सा वेगळ्या खात्यात ठेवायचा आदेश झाला. कर आणि कस्टमच्या त्या भानगडीत २०१३ नंतर शर्यत आलीच नाही. त्या काळात मी ऑफिसात, लग्नात, ट्रेनमध्ये, जो भेटेल त्याच्याशी भांडलोय की हा खेळ आहे, तमाशा नाही. वैमानिकाइतकी ताकद लागते, इंजिनिअरिंगची परीक्षा असते, नियम आहेत, पंच आहेत. आणि आता तुम्हीच मोठ्या पडद्यावर दाखवताय की पंच नावापुरते असतात आणि ठोकाठोकी करून गुण मिळतो. सरकारी बाबूंनी सिनेमा पाहिला असेल तर ते म्हणत असतील, आम्ही काय वेगळं सांगत होतो?

मुंबईचा जेहान दारूवाला ज्या फॉर्म्युला टूच्या गाडीत घडला, त्याच जातीच्या गाडीवर तुम्ही सिनेमाचा साज चढवलात. ६ डिसेंबर २०२० ला बहारीनमध्ये साखिरच्या छोट्या ट्रॅकवर जेहान जिंकला, फॉर्म्युला टूमध्ये शर्यत जिंकणारा पहिला भारतीय. मिक शूमाखर आणि डॅन टिक्टम दोघांना पुरून उरला, चाकाला चाक लावून, आणि कुणाच्याही गाडीचा पंख न मोडता. त्याच संध्याकाळी त्याच ट्रॅकवर सर्जिओ पेरेझ पहिल्या फेरीत गिरकी खाऊन शेवटचा झाला आणि तिथून शर्यत जिंकला. १९० व्या शर्यतीत पहिला विजय, आणि तेव्हा पुढच्या वर्षीची नोकरी हातात नव्हती. हे पटकथेत लिहून आणलं असतं तर ‘जरा जास्त होतंय’ म्हणून तुम्ही परत पाठवलं असतं. जेहानला पुढे फॉर्म्युला वनची जागा मिळाली नाही. त्यातलं किती पैशाचं आणि किती वेगाचं यावर आमच्यात अजून वाद होतात.

दुसऱ्या भागाची बोलणी चालू आहेत असं वाचलं. काढा, मी तिकीट काढीन, भाच्यालाही नेईन. उपदेशपर सिनेमा काढा असंही माझं म्हणणं नाही. लबाड नायक मला आवडतो, अट एवढीच की आजूबाजूचं जग आंधळं नसावं.

म्हणून एकच मागणं आहे. सनीला पुन्हा हंगेरीला न्या. शर्यत संपल्यावर त्याला स्टुअर्ड्सच्या, म्हणजे शर्यतीच्या पंचांच्या, खोलीत बोलवा. साधी खोली, टेबल, तीन-चार पंच, भिंतीवर स्क्रीन. घामाने ओला पोशाख कमरेपर्यंत उतरवून तो समोर बसलाय, शेजारी केट, पलीकडे ज्याची गाडी त्याने मोडली तो ड्रायव्हर आणि त्याचा मॅनेजर. कुणी ओरडत नाही. स्क्रीनवर आलेख येतो, ब्रेकची रेघ, स्टिअरिंगची रेघ, अ‍ॅक्सिलरेटरची रेघ. पंच विचारतात, इथे जागा नव्हती हे तुम्हाला दिसत होतं, तरी तुम्ही पाय का उचलला नाहीत? सनी हेज किती गोड हसतो ते आम्ही दोन तास पाहिलं आहे. या प्रश्नावर तो काय बोलतो, ते लिहायला तुमच्या सगळ्यात चांगल्या माणसाला बसवा. आणि केटला मध्ये तोंड उघडू द्या, टेलिमेट्री तिला त्याच्यापेक्षा जास्त कळते.

कळावे,

रविवारी संध्याकाळी साडेसात ते साडेनऊ फोन न उचलणारा,
(युरोपात शर्यत असेल तर साडेसहापासून)
तुमचा एक जुना प्रेक्षक, डोंबिवली